दट्ट्यांची पेटी

हातभर लांबीचा लाकडी ठोकळा. त्यात ओळीने दहा खोबणी आणि प्रत्येक खोबणीत एक गोल दट्ट्या. पहिला बारीक, दहावा चांगला जाडजूड. वर धरायला छोटी बोंडी. मुलाने सगळे दट्टे उपसायचे, सतरंजीवर मिसळायचे आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या जागी बसवायचे. चुकले तर बाईंना बोलावे लागत नाही. जाड दट्ट्या बारीक खोबणीत शिरत नाही, बारीक दट्ट्या मोठ्या खोबणीत खुळखुळतो आणि शेवटी हातात एक दट्ट्या उरतो, त्याला घरच सापडत नाही. मग ते तीन वर्षांचे गृहस्थ कपाळाला आठ्या घालून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. बोंडी धरताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकत्र येतात. पुढे पेन्सिल धरायची ती याच तीन बोटांनी.

मराठी बालवाड्यांत हिला दट्ट्यांची पेटी म्हणतात. शेजारी गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा असतो, तपकिरी जिना असतो, खरखरीत कागदाची अक्षरे असतात. भरभक्कम फी घेणाऱ्या शाळांत हे साहित्य उंची कपाटात मांडलेले दिसते, आणि प्रवेशासाठी आलेल्या आईबाबांना वाटते, हुशार मुलाला आणखी हुशार करायचे हे यंत्र असावे. या साहित्याची कुळी काढायला गेले तर मात्र भलतेच पूर्वज भेटतात. ज्यांना शिकवण्यात काही अर्थ नाही असा निर्वाळा शहाण्यासुरत्या वैद्यांनी दिला होता, त्या मुलांसाठी हे सगळे सुरू झाले.

जानेवारी १८०० मध्ये फ्रान्सच्या आवेरों भागात रानात एकट्याने वाढलेला एक मुलगा सापडला. वय असेल अकरा-बारा. बोलता येत नव्हते, कपडे अंगावर ठेवत नव्हता. फिलिप पिनेल हे त्या काळातले मोठे नाव; त्यांनी मुलाला तपासले आणि हा बरा होणारा नाही म्हणून सांगितले. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतल्या झाँ इतार या पंचविशीतल्या डॉक्टरला ते पटले नाही. त्याने मुलाचे नाव ठेवले व्हिक्टर आणि पुढची सुमारे पाच वर्षे त्याच्यामागे घालवली. गरम-गार, खडबडीत-गुळगुळीत, चौकोन-गोल हे हाताला कळू दे, मग अक्षरे डोळ्याला कळतील, अशी त्याची वाट होती. कापून तयार केलेल्या अक्षरांतून व्हिक्टर ‘दूध’ या अर्थाचा फ्रेंच शब्द जुळवायला शिकला. एकदा कोणाकडे जाताना त्याने त्या शब्दाची चार अक्षरे गुपचूप बरोबर घेतली आणि तिथे गेल्यावर टेबलावर मांडून दूध मिळवले. बोलायला मात्र तो कधी शिकला नाही. इतारने हे अपयश मानले. आजच्या वाचासुधार तज्ज्ञाला विचारा, ती म्हणेल, अहो, त्या मुलाने मागून घेतले, यापेक्षा संवाद म्हणजे आणखी काय हवे?

इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने हेच काम मतिमंद मुलांसाठी नीट बांधून काढले. १८४६ मध्ये त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला, लोकांनी तो फारसा वाचला नाही आणि सेगँ अमेरिकेला निघून गेला. अर्ध्या शतकानंतर रोममधल्या एका तरुण डॉक्टरबाईंच्या हाती तो लागला. मारिया माँटेसरी. मनोरुग्णालयात मोठ्यांच्या गर्दीत डांबलेली मतिमंद मुले त्यांनी पाहिली होती. इतार आणि सेगँ दोघांचे ग्रंथ त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले. घाईत वाचायचे नव्हते, एकेका शब्दाचे वजन पाहायचे होते. १९०० च्या सुमारास रोममध्ये अशा मुलांसाठी निघालेल्या शाळेची धुरा त्यांनी सांभाळली. तिथली काही मुले लिहा-वाचायला शिकली आणि नेहमीच्या मुलांबरोबर सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाली. सगळीकडे कौतुक झाले. माँटेसरींना मात्र दुसरीच शंका छळू लागली. ही मुले इतके करू शकतात, तर धडधाकट मुलांना शाळेत आपण असे काय करतो की ती इतकी मागे राहतात?

या शंकेतून ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिले बालघर उघडले. जागा दिली ती चाळीच्या मालक कंपनीने, आणि तीही शिक्षणाच्या कळवळ्याने नव्हे. आईबाप कामावर गेले की पोरे जिन्यातल्या भिंती खराब करत. त्यांना कोणीतरी सांभाळायला हवे होते. भिंतींच्या रंगापायी का होईना, पन्नासेक मुलांना एक खोली मिळाली.

इथे एक बारीक गोष्ट घडली, ती मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. मतिमंद मुलांच्या शाळेत माँटेसरींनी लाकडाची सुंदर वळणदार अक्षरे करून घेतली होती. मुले त्यांवरून बोट फिरवत. सान लोरेंझोत तशी अक्षरे करून देणारा कारागीर मिळेना. म्हणून त्यांनी साधे कागद आणि पॉलिश कागद आणला आणि अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. आज जगभर विकली जाणारी ती खरखरीत अक्षरे अडचणीतून जन्मली. आपल्याकडे पंतोजीच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुलाचे बोट त्यात फिरवत, धुळाक्षरे गिरवून घेत. बोटाने अक्षर ओळखायची रीत आपल्याला नवी नव्हती. फक्त पंतोजीच्या हातात छडी होती आणि गिरवणाऱ्याला उठायची मुभा नव्हती.

ही विद्या मराठी मुलखात आली ती गुजरातमार्गे. वढवाणला वकिली करणारे गिजुभाई बधेका मुलगा झाल्यावर काळजीत पडले. आपण ज्या शाळेत मार खाल्ला, तिथेच याला घालायचे? त्या काळजीत माँटेसरींचे विचार हाती आले आणि वकिली सुटली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढले. मुलांच्या मागे धावणाऱ्या या भरदार मिशांच्या माणसाला लोक ‘मूछाळी मा’ म्हणू लागले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे आल्या. मूळच्या केळकर, मुंबईत प्रार्थनासमाजी घरात वाढलेल्या, १९१४ च्या पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य. संसार मोडला होता, चांगली नोकरी होती, ती सोडून त्या लहान मुलांत येऊन बसल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. ‘शिक्षण पत्रिका’ आधी गुजरातीत आणि मग मराठीतही निघू लागली, आणि मुलाला मारू नका, घाबरवू नका, जबरदस्तीने भरवू नका, हे मराठी मध्यमवर्गाला पहिल्यांदा कोणीतरी दरमहा घरपोच सांगू लागले.

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. दादरच्या पांढरपेशा घरांतली मुले, नीटनेटके साहित्य, शिकलेल्या आया. सगळे छान चालले होते, आणि हीच गोष्ट ताराबाईंना टोचत असावी. १९३९ मध्ये स्वतः माँटेसरी भारतात आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि अड्यारला शिक्षकांचे वर्ग घेऊ लागल्या. त्यांच्या पद्धतीला मान होता, पण पेटी ठरलेल्या मापाची, मनोरा ठरलेल्या रंगाचा, वापरायची रीतही ठरलेली. खेड्यातल्या बालवाडीला हे परवडणार कसे? गांधीजींनी १९३१ मध्ये लंडनमध्ये माँटेसरींच्या समोरच हा प्रश्न उभा केला होता: भारतातल्या गरिबांच्या मुलांपर्यंत हे कसे पोहोचायचे?

उत्तर शोधायला ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. २४ डिसेंबर १९४५. वय ५३. सोबत होत्या अनुताई वाघ. मोरगावच्या या मुलीचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत ती विधवा झाली. शिकली, शिक्षिका झाली, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागली आणि ताराबाईंच्या एका हाकेवर सगळे सोडून समुद्रकाठच्या त्या गावी आली.

त्या वर्षी तो मुलूख पेटलेला होता. सावकाराकडून लग्नापुरते कर्ज घेऊन जन्मभर त्याच्या दारी राबणारा वारली ‘लग्नगडी’ म्हणून ओळखला जाई. कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकरांच्या मागे वारली वेठीविरुद्ध उभे राहिले होते आणि ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी आदिवासींवर गोळ्या झाडल्या होत्या. ताराबाईंच्या कामाचा लाल बावट्याशी संबंध नव्हता. पण माणसे तीच होती. गोळीबारानंतर अडीच महिन्यांनी दोन शहरी बाया गाणी आणि खेळणी घेऊन आल्या, तर त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? बालवाडी उघडली आणि मूल येईना.

मग बालवाडी उठून मुलाच्या दारी गेली. दलित वस्तीत, वारल्यांच्या पाड्यांवर, कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणात. ताराबाईंनी दोन प्रकार ठरवले. गावाच्या मध्यावर, ठरल्या वेळी भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी. मुलांच्या घराजवळ, त्यांच्या सवडीने भरणारी ती अंगण बालवाडी. आज देशभर सरकारी पाट्यांवर दिसणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द या अंगणातला आहे. पाट्या हिंदीत असोत की तमिळमध्ये, त्यातले अंगण ठाणे जिल्ह्यातले, हे मराठी माणसालाही सहसा ठाऊक नसते.

तिथे पहिला पाठ अक्षरांचा नव्हता. केस विंचरणे, नखे काढणे, नाक पुसणे, आंघोळ. आयांना आधी हसू आले. मग एखादी स्वतःच पोराला धुऊन आणू लागली. दट्ट्यांची पेटी विकत घ्यायला पैसे नव्हते, पण चिंचोके होते, गुंजा होत्या, शिंपले, खडे, पाने, काड्या होत्या. लहान-मोठे लावणे, जोड्या जुळवणे, मोजणे, रंग वेगळे करणे, पेटीतून जे साधते ते ओंजळभर बियांतून साधता येते. माँटेसरीपंथातल्या कर्मठांना हे रुचले नसते. पण पद्धत आणि पेटी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे बोर्डीत सिद्ध झाले. माझ्या मते मराठी बालशिक्षणाची खरी कमाई हीच.

पुढचा पेच आणखी अवघड होता. पाच-सहा वर्षांचे मूल शाळेत का येत नाही? कारण त्याच्या कडेवर दीड वर्षाचे भावंड असते. आठ वर्षांचा मुलगा का येत नाही? कारण तो गुरांमागे असतो. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले तेव्हा याची उत्तरे आकाराला आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात: त्याचे नाव विकासवाडी. थोरल्या बहिणीने कडेवरचे बाळ पाळणाघरात ठेवायचे आणि वर्गात जाऊन बसायचे. मधूनच उठून डोकावून यायची तिला मोकळीक. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा. गुरे चरतात तिथे झाडाखाली फळा टेकवायचा. गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की विद्यार्थी धडा टाकून पळणार, हे गृहीत धरूनच शिकवायचे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत टेकडीवरच होत्या. त्यांच्या आत्मकथेचे नावही ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पूर्वप्राथमिक शिक्षण, सगळे एका छपराखाली. त्या छपराला नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात अशा सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, त्यांतल्या लाखाच्या वर महाराष्ट्रात.

सरकारने अंगण घेतले खरे, पण कुळीतले पहिले मूल घ्यायचे राहिले.

अपंग मुलांसाठी मुंबईत काहीच नव्हते असे नाही. दुष्काळात पोरकी झालेली अंध मुले गोळा करून १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी शाळा काढली होती; तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावाजली. १९४४ मध्ये होर्मसजी आणि जय वकील या पारशी दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीसाठी, दीनासाठी, सुरू केलेली शाळा आईच्याच नावाने, जय वकील म्हणून वाढली. १९६४ मध्ये पुण्यात सिंधूताई जोशींची कामायनी निघाली. १९७२ मध्ये मिठू आलूर यांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या आपल्या मुलीसाठी मुंबईत तीन मुलांची शाळा सुरू केली. त्या मुलीने, मालिनी चिब यांनी, पुढे एका बोटाने टाइप करून आत्मकथा लिहिली. यातल्या निम्म्या शाळांच्या मुळाशी एखादी आई सापडते, ही काही सरकारला भूषणावह बाब नव्हे. आणि या सगळ्या शाळा शहरांतल्या. पाड्यावरच्या बहिऱ्या मुलीने कुठे जायचे? अंगणवाडीत?

योजनेच्या कागदावर ‘सर्व बालके’ लिहिलेले होते. प्रत्यक्षात काय, हे आलूर यांनी आपल्या प्रबंधाचा विषय केले. १९९८ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर झालेल्या त्या प्रबंधाच्या नावातच ही मुले ‘अदृश्य’ होती. कोणी त्यांना हाकलत नव्हते. त्यांची मोजदाद नव्हती, सेविकेच्या प्रशिक्षणात त्यांचा धडा नव्हता, त्यामुळे ती दिसतच नव्हती. त्यात सेविकेला दोष देणे अन्याय होईल. एकीकडे खिचडी, एकीकडे वजनकाटा, तिसरीकडे रजिस्टरांची चळत आणि हाताशी एक मदतनीस. न चालणारे, न बोलणारे मूल आईने आणले तर ताईने करायचे काय, हे ताईला कोणी सांगितलेच नव्हते.

इतार, सेगँ आणि माँटेसरींनी ज्यांच्याकडून शिकायला सुरुवात केली, ती मुले त्या शिकवणीवर उभ्या राहिलेल्या योजनेच्या दाराबाहेर उभी होती. कायदे आले ते उशिराच. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता असे शब्द त्या यादीत आले.

या दोन कायद्यांच्या मधल्या काळात, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, एक योगायोग घडला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला, आणि त्याचा आरंभ झाला पालघरला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. बोर्डी आणि कोसबाड आता त्याच पालघर जिल्ह्यात येतात. जन्मजात व्यंगे, पोषणातली कमतरता, आजार आणि विकासातली दिरंगाई अशा चार गटांत मिळून तीस तक्रारी फिरत्या पथकाने तपासायच्या; अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा, शाळेतल्या मुलांना एकदा. गरज दिसली तर मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. म्हणजे पुन्हा तेच: मूल येत नाही, तर आपण जायचे. फक्त या वेळी खेळण्यांऐवजी गाडीत डॉक्टर होते.

२८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. मुलाची दिरंगाई लवकर ओळखणे, त्याला इतर मुलांत मिसळून घेणे आणि घरच्यांना हाताशी धरणे, पुढच्या उपचारांसाठी आशा, परिचारिका आणि तपासणी पथकाकडे पाठवणे, अशा तीन पायऱ्या. १९७५ पासून मोजले तर अठ्ठेचाळीस वर्षे लागली. आणि त्यानंतर आठवडाही झाला नाही तोच, ४ डिसेंबरपासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. मागण्या मानधनवाढीच्या, ग्रॅच्युइटीच्या, पेन्शनच्या. संप जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. नव्या कार्यपद्धतीची पुस्तिका जिच्या हाती पडायची, ती ताई सरकारच्या लेखी आजही कर्मचारी नाही, मानसेवी आहे. मूल किती महिन्यांचे असताना मान धरते, केव्हा बसते, हाक मारल्यावर वळून पाहते का, हे सगळे तिने ओळखायचे. तज्ज्ञाचे काम, मानधनाच्या दरात.

काम मात्र कुठे कुठे होते, आणि ते बोर्डीच्या वळणाने होते. ज्या मुलाचे स्नायू ताठर आहेत, त्याच्या बोटांत दट्ट्याची बारीक बोंडी ठरत नाही. ती धरायला तीन बोटे एकत्र यावी लागतात आणि त्याची बोटे तर मुठीतच वळलेली असतात. अशा वेळी नवी पेटी लागत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापायची आणि बोंडीभोवती गच्च गुंडाळायची. बोंडी लिंबाएवढी होते, मुठीत मावते. मग दट्ट्या खोबणीपर्यंत जातो, काठावर अडतो, थोडा कलतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला टक्कन आत बसतो.